सड्याचं पाणी

माझ्या नोकरीच्या मुलाखतीला बाई बांगडे साफ करत बसल्या होत्या.

खोटं वाटेल, पण आईशप्पथ. मी कोल्हापूरहून पहिली एसटी पकडून, आंबा घाटात दोनदा पोट धरून, इस्त्रीच्या ड्रेसचं पोतेरं करून मिरजोळ्याला उतरले होते. काजूच्या गोदामावर दोन खोल्या आणि एक गच्ची, एवढंच ऑफिस. दारावर पाटी होती : 'पाणी : एक आंतरविद्याशाखीय अभ्यास'. त्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं : 'चपला बाहेर. डिग्र्या पण.'

गच्चीत एक बुटकी, सावळी बाई विळीवर बसलेली. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर, मांजर एक हातावर. मला वाटलं, स्वयंपाकाच्या मावशी असतील. विचारलं, "मॅडम आहेत का?"

"आहेत. बस." बांगड्याचं डोकं उडवत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पाण्यावरून भांडण झालं तर आधी तोंड कोण उघडतं?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "माझी आई."

"आणि बंद कोण करतं?"

"ते होतच नाही हो."

"मग उद्यापासून ये."

झाली मुलाखत. सर्टिफिकेटांची फाईल मी छातीशी धरून उभी, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जाताना मात्र दोन बांगडे कागदात बांधून दिले. ज्यांना मी स्वयंपाकीण समजले, त्या आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख होत्या. पुण्या-दिल्लीत उभा जन्म पाण्यावर संशोधन करून पुन्हा आपल्या जिल्ह्यात आलेल्या.

आम्ही तिघं होतो. पुण्याचा एक भूगर्भवाला, मुंबईची एक अर्थशास्त्रवाली आणि समाजशास्त्रवाली मी. बाईंना आमची नावं कधी पाठ झाली नाहीत, निदान तसं त्या दाखवायच्या. त्याला 'दगड', तिला 'पैसा' आणि मला 'माणसं'. "ए माणसं, चहा ठेव. ए दगड, हल तिथून, सावली अडवतोयस." पहिला आठवडाभर मी फणफणले. मग दुसऱ्या एका ऑफिसातून फोन आला तेव्हा माझ्याच तोंडून गेलं, "हां, माणसं बोलतेय." तेव्हापासून गप्प बसले.

सोमवारची बैठक म्हणजे शुद्ध छळ. त्या दिवशी कुणीही आपल्या विषयावर तोंड उघडायचं नाही, असा नियम. दगडानं बायकांशी बोलून यायचं, पैशानं विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजायची, आणि मी जांभ्या दगडावर भाषण द्यायचं. बाई म्हणायच्या, "तज्ज्ञ म्हणजे कोण, माहीत आहे? ज्यानं एकच विहीर बघितली, पण फार आतून बघितली."

मी पहिल्याच सोमवारी सांगून टाकलं की जांभा दगड म्हणजे इडली. भोकंच भोकं, वरून सांबार ओता, खालच्या ताटलीत उतरतं. दगड बिचारा डोकं धरून बसला. त्याची पीएचडी त्याच विषयावर होती. बाई मात्र खूष. त्याला म्हणाल्या, "लिही. इडली लिही. तुझ्या 'सच्छिद्रते'पेक्षा बरी." दगडाची गत याहून वाईट झाली. तो लाजाळू, बायकांसमोर याच्या घशाला कोरड. एका वाडीच्या विहिरीवर पाठवलं, तर तिथल्या बायकांनीच त्याची मुलाखत घेतली. गाव कुठलं, पगार किती, आईला मासे चालतात का? दोन स्थळं घेऊन आला पठ्ठ्या. पण येताना एक गोष्ट समजून आला. ती विहीर एका बाजूला एवढी खोल का, याचं उत्तर तो तीन महिने नकाशात शोधत होता. ते उत्तर होतं दोन चुलतभावांचं भांडण. दोघांनी आपापली बाजू ईर्ष्येनं खणली होती. बाईंनी टाळ्या पिटल्या. "बघ मेल्या! भूगर्भात भाऊबंदकी असते, हे तुमच्या पुस्तकात आहे का?"

भावकीवरून आठवलं. पैशाच्या लिखाणात 'हितसंबंधी भागधारक' असा शब्द यायचा. बाई लाल पेन्सिलनं तो खोडायच्या आणि वर लिहायच्या, 'भावकी'. तो अहवाल तसाच वर गेला. 'सदर जलस्रोताबाबत सर्व भावकीशी चर्चा करण्यात आली.' वरून कुणी विचारलं नाही. बाईंच्या मते ते एवढ्याचसाठी, की पहिल्यांदाच कुणाला तरी ते वाक्य समजलं होतं.

कुठल्याही घरात गेलं की त्या आधी पाणी मागायच्या. तांब्या उचलून वरून प्यायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "हे वरच्या अंगाचं." नाहीतर, "खाडी शिरायला लागली गो तुमच्या विहिरीत, जीभ सांगते." पुण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या पाठवल्या की निकाल तसाच यायचा, फक्त महिनाभरानं. मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाल्या, "कोळणीची मुलगी मी. आमच्याकडे समुद्र दारात आणि प्यायचं पाणी डोंगरावर. डोक्यावरनं एवढं आणलंय, की थेंब सांडला तरी आईला कळायचं. जीभ तयार होणारच."

दिल्लीहून एक मोठे विद्वान भेटीला आले, तेव्हा बाई त्यांना घ्यायला हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची थंडगार गाडी पुढं धाडून दिली आणि त्यांना चहाच्या टपरीवर बसवलं. टपरीवाला पाणी कुठून आणतो, किती हंडे, उन्हाळ्यात काय करतो, सगळं त्यांच्यासमोर विचारलं. मग एसटीत घालून आणलं. विद्वान घामानं निथळत होते, पण जाताना म्हणाले की इतक्या वर्षांत आपण असा चहा प्यायलो नाही. बाई माझ्या कानात पुटपुटल्या, "पाणी वरच्या पऱ्याचं आहे ना, ओढ्याचं. चहावाल्याचं काय कौतुक!"

माझ्यावर त्यांचा विशेष राग आणि विशेष लोभ. राग आमच्या उसावर. मी पाणीबचतीवर काही बोलायला लागले की म्हणायच्या, "तुझ्या बापाचा ऊस एका दिवसात पितो ते इथली वाडी वर्षाला पिते. तू मला शिकव हो बचत!" मी पण काही कमी नाही. मी म्हणायची, "तुमच्याकडं एवढा पाऊस पडतो तो तुम्ही समुद्राला दान करता. आम्ही निदान साखर तरी करतो." पैसा आणि दगड टेबलाखाली लपायचे बाकी राहायचे. बाई मात्र हसत सुटायच्या. भांडायला कुणीतरी हवंच होतं त्यांना.

आणि आता ती गोष्ट, जी सांगायला मला अजूनही लाज वाटते.

नाटे गावाच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी एक वाडी आहे. अर्धी घरं हिंदू मच्छीमारांची, अर्धी मुसलमानांची. दोन्हीकडचे पुरुष कुणी होडीवर, कुणी आखातात, आणि पाणी सगळं बायकांच्या डोक्यावर. तिथं आमची पाहणी झाली. फॉर्म भरले तिथल्याच कॉलेजच्या पोरींनी. मी मिरजोळ्याला पंख्याखाली बसून त्यांचे तक्ते केले. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर शेवटी एक ओळ होती : 'सड्याचं पाणी, मे संपेपर्यंत.'

आता मी कोल्हापूरकडची. आमच्याकडं सडा म्हणजे काय? सकाळी उठून आई अंगणात पाणी शिंपडते तो सडा. सडा-रांगोळीतला. मी वाचलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एकीकडे टँकर मागायचे आणि दुसरीकडे मे संपेपर्यंत अंगणं शिंपत बसायचं? मी त्या सगळ्या ओळी 'किरकोळ घरगुती वापर' या रकान्यात टाकल्या आणि वर एक टीप हाणली : 'टंचाईची तक्रार करणाऱ्या वस्तीत ऐन उन्हाळ्यात सडा घालण्याची चैन आढळते. जाणीवजागृतीची नितांत गरज आहे.'

बाईंनी ते वाचलं. चांगल्या हसल्या. "झणझणीत लिहितेस गो!" म्हणाल्या आणि समासात लाल पेन्सिलनं बरोबरची खूण केली. मी दिवसभर तरंगत होते.

चार महिन्यांनी टपालानं एक नोटीस आली. वाडीच्या वरच्या डोंगरमाथ्यावर बाहेरच्या एका माणसाला जांभ्याचे चिरे काढायची खाण हवी होती, त्याची सुनावणी दोन दिवसांवर. आणि त्याच्या अर्जासोबत जोडलं होतं आमच्याच अहवालातलं एक पान. दगडाच्या प्रकरणातलं. 'कातळपठार : पाण्याचे स्रोत, शून्य.'

बाईंनी दगडाला समोर उभं केलं. तो म्हणाला, "मी एक दिवस वर फिरलो, बाई. सगळा उघडा कातळ. झरा दिसला नाही. आणि हिच्या पाहणीतही कुणी वरचं पाणी सांगितलं नव्हतं."

"फॉर्म आण," बाई मला म्हणाल्या.

मी गठ्ठा आणला. त्यांनी वरचाच फॉर्म उचलला आणि मोठ्यानं वाचला, "सड्याचं पाणी, मे संपेपर्यंत." मग दुसरा वाचला. मग तिसरा. चौथा अर्धाच वाचून खाली ठेवला.

"हे तू कशात घातलंस?"

"सड्यात," मी म्हटलं. "म्हणजे, शिंपायच्या. अंगणात."

"बाय माझे!" बाई मटकन खाली बसल्या. "अगो, सडा म्हणजे डोंगरमाथा. वरचं कातळाचं सपाट रान. हा ज्याला कातळपठार म्हणतो तोच सडा! अख्खी वाडी सांगतेय की आम्ही वरचं पाणी पितो, मे संपेपर्यंत. आणि आपण त्यांना रांगोळी काढायला लावली."

कप्पाळ माझं! एकाच जागेला एका प्रकरणात कातळपठार, दुसऱ्या प्रकरणात सडा. दर सोमवारी एकमेकांचे विषय घोकणारे आम्ही तिघं शहाणे, आणि कुणालाच पत्ता नाही. मला रडू फुटलं. त्या खाणीची यंत्रं एकदा वर चालली असती तर तो झरा कायमचा गेला असता. माझ्या एका टिपेपायी एवढ्या घरांचं पिण्याचं पाणी.

पैसा व्यवहारी. ती हळूच म्हणाली, "बाई, शुद्धिपत्रक पाठवू या. गुपचूप. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय याच महिन्यात आहे. सुनावणीत उभं राहून आपला अहवाल चुकला म्हणालात, तर टप्पा गेला."

दुसरा टप्पा म्हणजे बाईंचं स्वप्न होतं. जिल्ह्यातला एकेक झरा पायी हिंडून, त्याच्या माणसांसकट लिहून काढायचा. त्यांचा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्या स्वतःच म्हणायच्या.

"शुद्धिपत्रक टेबलावर पोचेपर्यंत डोंगर पोखरलेला असेल," बाई म्हणाल्या. "परवा निघायचं. सगळ्यांनी. फॉर्म बरोबर घ्या."

सुनावणी शाळेच्या पडवीत होती. साहेब सोलापूरकडचे, तरुण, घामाघूम. खाणवाला पहिल्या रांगेत, आमचं पान हातात. मागे वाडीतल्या बायका, पुढं तारामावशी आणि खैरूनचाची. त्या दोघींच्या शब्दाबाहेर वाडीतला हंडा हलत नाही.

खाणवाल्यानं पान वाचून दाखवलं. मग बाई उठल्या आणि त्यांनी काय करावं? माझी टीप वाचली! अक्षर न् अक्षर. सडा घालण्याची चैन, जाणीवजागृती, सगळं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग खैरूनचाची पदरात तोंड घालून हसायला लागली आणि बघता बघता सगळी पडवी हसायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. साहेब गोंधळून म्हणाले, "पण मग सडा म्हणजे शिंपायचा नव्हे का?" त्यावर तर पोरंटोरंसुद्धा लोळली.

बाई हसल्या नाहीत.

"ही पोरगी घाटावरची आहे," त्या म्हणाल्या. "साहेबपण घाटावरचे. त्यांना माफ आहे. मी इथली. सड्यावरनं हंडे वाहिलेत मी. ही टीप माझ्यासमोर आली, तेव्हा मलाही रांगोळीच दिसली. मी हसले आणि बरोबरची खूण केली. ती खूण माझी आहे. चूक माझी आहे."

बाईंनी मान खाली घातली. इतक्या दिवसांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. तारामावशी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "जास्ती शिकलीस नाय, म्हणून झाला असा."

पुन्हा हशा. या वेळी बाईपण हसल्या, डोळे पुसत.

खाणवाला संधी कशाला सोडतोय? "साहेब, बाई स्वतःच म्हणतायत अहवाल चुकीचा. मग आता यांच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"नका ठेवू," बाई म्हणाल्या. "आमच्यावर मुळीच ठेवू नका. वर चला."

आणि भर दुपारी सगळी वरात सडा चढली. साहेब, खाणवाला, आम्ही, बायका. गुडघा धरून बाई सगळ्यात मागं. वर नुसता काळा तापलेला कातळ, पायाला चटके. मला धाकधूक, दगडाला त्याहून जास्त. तारामावशी आणि खैरूनचाची एका जागी थांबल्या. तिथं काटक्यांचा ढीग होता, गुरं येऊ नयेत म्हणून घातलेला. तो बाजूला केला. खाली चिऱ्याची फरशी. दोघींनी "हां, उचल" करून ती सरकवली.

आत कमरेइतकं पाणी होतं. तळाचा खडा न् खडा दिसत होता.

दगड गुडघ्यावरच बसला. साहेबांनी ओंजळ धरली, प्यायले, पुन्हा धरली. मग कारकुनाला म्हणाले, "पंचनामा लिहा. स्रोत : एक. चालू." खाणवाला फोन आल्यासारखा करून खाली उतरला.

आम्ही आनंदानं नाचायच्या बेतात होतो. खैरूनचाची मात्र कारकुनाच्या पेनाकडे बघत होती. "कागदावर गेला ना आता आमचा पाणी?" ती बाईंना म्हणाली. "कागदावर गेला की दहा जणांचे डोळे लागतात. उद्या पाइप घालतील, परवा पंप. म्हणून तर झाकून ठेवतो आमी. आता राखणार कोण? तुमी तर लिवून निघून जाणार."

बाई कशाबशा वाकल्या आणि डोळे मिटून ओंजळभर पाणी प्यायल्या.

"मी नाही जाणार," त्या म्हणाल्या.

खाणीचा अर्ज फेटाळला गेला. पंधरा दिवसांनी प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं. आमच्या माहितीच्या विश्वासार्हतेबद्दल शंका उपस्थित झाल्यामुळं दुसरा टप्पा नामंजूर. बाईंनी ते गच्चीत उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी असते तर मीही नसता दिला." मी विचारलं, बाई, वाईट वाटतंय? "वाटतंय गो," त्या म्हणाल्या, "खूप वाटतंय," आणि आत जाऊन अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी बसून होते. त्यानंतर बाहेर येऊन त्यांनी बांगडे आणायला पाठवलं.

ऑफिस बंद झालं. दगड पुण्याला, पैसा मुंबईला, मी कोल्हापूरला एका कॉलेजात. आणि बाईंनी खरंच त्या वाडीत भाड्यानं घर घेतलं. पाइप घालायला कुणी आलं की या अंगणात खुर्ची टाकून बसायच्या आणि त्याला कायदे वाचून दाखवायच्या. आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. बायका मात्र दोन वर्षं त्यांना पाहुणीच समजत होत्या. बाईंचा हंडा भरून दारात ठेवायच्या, पण झऱ्यावर हात लावू द्यायच्या नाहीत. दर चैत्रात झरा उपसून, गाळ काढून, घासून साफ करायचा असतो. त्याची घरोघर पाळी लावलेली असते. दोन्ही मोहल्ल्यांची एकच यादी. त्या यादीत बाहेरच्या माणसाचं नाव कधी गेलेलं नव्हतं.

परवा दुपारी माझा तास चालू होता. फोन वाजला, बाईंचा. उचलला तर पलीकडून किंकाळी, "माणसं! माझी पाळी आली गो!"

आवाज एवढा, की पुढच्या दोन बाकांनी ऐकला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी व्हरांड्यात पळाले. म्हटलं, "बाई, या वयात? आणि एवढ्या मोठ्यानं?"

"गप ग वात्रट! झऱ्याची! तारानं काल यादीत नाव लिहिलं. खैरूनच्या नंतर मी." बाईंना धाप लागली होती. एवढ्या आनंदात मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "उद्या सकाळी उतरायचंय आत."

मी घाबरले. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं टाळत होत्या, वर कमरेइतक्या खड्ड्यात उतरणार. म्हटलं, "थांबा बाई, मी आज संध्याकाळीच निघते. दगडालाही बोलावते. आम्ही उतरतो आत, तुम्ही वर बसून नुसतं सांगा."

त्यावर अगदी तारामावशीच्या ठेक्यात बाई म्हणाल्या,

"कोणी येवचा नाय. पाळी माझी हाय."